दुसरी बाजू रिकामी होती

मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाच्या वेळी लावायच्या गाण्यांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एकच: "तुझ्या मामाचं कॅसेटचं दुकान होतं ना!" अठ्ठावीस वर्षांनी आपण भेटतोय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आता काय ऐकायला आवडतं याची मला काही कल्पना नाही. म्हणजे अनोळखी माणसांसाठीच यादी करायची. हे काम मी याआधी एकदा केलं होतं, नववीत असताना, आणि ते फसलं होतं. त्याची हकीकत आपल्या गावाच्या इतिहासातही थोडी बसते, म्हणून इथे लिहिते.

दुकान तुम्हाला आठवत असेल. माजलगावच्या स्टँडजवळ, पुढे रेडिओ-दुरुस्ती आणि मागे रेकॉर्डिंग. शाळा सुटली की मी तिथे बसून कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्यांची नावं लिहायची. इतिहासाच्या सरांनी माझ्या अक्षराचं वर्गात कौतुक केलं होतं, त्याचा मामाने असा उपयोग करून घेतला.

फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली १९६३ साली. तिचा खरा पसारा आपल्याकडे झाला ऐंशीच्या दशकात. तोवर गाणं विकत घ्यायचं म्हणजे एचएमव्हीची तबकडी, आणि ती वाजवायला ग्रामोफोन. आपल्या भागात तो किती घरांत असणार? आखातात कामाला गेलेले लोक टू-इन-वन घेऊन परतू लागले, १९८३ मध्ये गुलशन कुमारांची टी-सिरीज सुरू झाली, कॅसेटी स्वस्त झाल्या आणि गाणं चहाच्या टपरीवर पोचलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कॅसेट काढायला फार भांडवल लागत नसे. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. भीमगीतं, भारुडं, पोवाडे, गोंधळ, देवीची गाणी असं जे सिनेमात नव्हतं ते सगळं बाजारात आलं. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज वाडीवस्तीवर घुमू लागले. माझ्या ऑफिसातली पोरं आज ज्याला 'इंडी' म्हणतात, ते मामाच्या फळीवर तेव्हाच लागलेलं होतं, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या अशाच घडामोडींवर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला पानापानावर मामाचं दुकान दिसत होतं.

मामाचा मुख्य धंदा मात्र कॅसेट भरून देण्याचा. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि चिठ्ठी देई, मामा डबल डेकवर एकेक गाणं शोधून उतरवी. (कॉपीराइटच्या कायद्यात हे बसत नव्हतं. सरांनी नागरिकशास्त्रात शिकवूनही मला ते कळायला वीस वर्षं लागली.) साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ शहाऐंशी मीटर लांबी. त्यात पाच मिनिटांची सहा गाणी बसतात, पण गाणी मोजून पाच मिनिटांची नसतात. शेवटी दोन-तीन मिनिटं उरतातच. सातवं गाणं सुरू केलं तर ते अध्यात तुटणार, आणि कोरं ठेवलं तर गिऱ्हाईक म्हणणार, पैसे पूर्ण घेतले आणि फीत रिकामी. तिथे मामा आपल्या मनाने एक छोटं गाणं टाकायचा. चिठ्ठी पाहून, माणूस पाहून. चिठ्ठीत नसलेलं हे गाणं लोकांना बरेचदा जास्त आवडायचं आणि ते परत येऊन विचारायचे, "ते शेवटचं कुणाचं हो?"

ऑक्टोबर १९९५. दसरा होऊन गेला होता, गावात ट्रॅक्टर भरू लागले होते. मामा माल आणायला औरंगाबादला गेलेला आणि दुकानात मी. एक बाई आली, कडेवर लेकरू. कोरी कॅसेट मागितली आणि ती भरून ठेवायला सांगितली. उद्या सकाळी सातला कारखान्याकडे निघायचं होतं. चिठ्ठी नव्हती. कोणती गाणी म्हणून विचारलं तर म्हणाली, "तूच भर की माय, तुला लिहिता येतंय. रातच्याला कोपीत लेकरू झोपत न्हाई."

मला कोण आनंद! पहिल्यांदाच पूर्ण यादी माझी. 'रंगीला' नुकताच आला होता, अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' डोक्यात भिनलेलं. दोन्ही बाजू गच्च भरल्या आणि सुबक अक्षरात नावं लिहिली. मामा रात्री परतला, कॅसेट थोडी पुढे-मागे करून ऐकली, माझा कागद वाचला. ओरडला नाही. म्हणाला, "ही तुझी कॅसेट झाली. तिची कुठंय?"

लगेच तो पुन्हा भरायला बसला. पहिली बाजू झाली: अंगाई, दोन भीमगीतं, प्रल्हाद शिंद्यांचे अभंग. दुसरीवरची माझी गाणी पुसून झाली आणि लाईट गेली, ती सकाळपर्यंत आलीच नाही. सातला बाई आली. मामाने अर्धे पैसे परत केले आणि सांगितलं, दुसरी बाजू रिकामी आहे. तिने मान हलवली आणि गेली.

पुढे इंजिनिअरिंगला असताना व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीबद्दल वाचलं. १९७७ मध्ये ती अंतराळात गेली, तिच्यावर जगभरचं सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत, म्हणजे आपल्या हिशेबाने एक सी-नाइंटी. तीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली. तबकडी बाजारात मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर-१ निघालं त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. कार्ल सेगन आणि त्यांच्या मंडळींना ऐकणारा कोण, त्याला कान तरी आहेत का, हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्याला उत्तम वाटलं ते दिलं. मीही तेच केलं होतं. पण माझी ऐकणारी काउंटरपलीकडे उभी होती आणि मी तिला दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

पाडवा झाल्यावर, एप्रिलमध्ये ती परत आली. तीच कॅसेट, कव्हर गेलेलं. म्हणाली, हिची अजून एक काढून दे, आईला द्यायचीय. मी लावून पाहिली. पहिली बाजू मामाची, दुसरीवर बायकांचे आवाज. फडावर कुणाच्या तरी टू-इन-वनचं बटण दाबून त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. जातं नव्हतं. मधूनच लेकराचं रडणं, बैलाच्या घंटा, कुणीतरी हसतंय. जवळजवळ अर्धा तास. मामाने कॉपी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

आता मुद्द्याचं. दुकानात आलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटची एक प्रत मामा फळीवर ठेवायचा. या कॅसेटची त्याने ठेवली नाही आणि मलाही सुचलं नाही. आमच्या लेखी ते गाणं नव्हतंच, घरचं होतं. आता ते कुठेही नाही.

त्याच एप्रिलमध्ये, १९९६ साली, आपल्याच माजलगावात भीमनगरमध्ये ओव्यांचं रेकॉर्डिंग झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या पुण्याच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांच्याबरोबर बर्नार्ड बेल होते, फ्रान्सचे अभियंते, संगणकावर संगीताचा अभ्यास करणारे. भीमनगरच्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. २०१७ पासून 'पारी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा ठेवा लोकांसमोर आणला. मी पहिल्यांदा ऐकल्या त्या बंगळुरूमध्ये, ऑफिसच्या बसमध्ये, आणि माझा थांबा निघून गेला. आपण नववीची परीक्षा देत होतो तेव्हा आपल्या गावात हे चाललं होतं आणि शाळेत कुणाला पत्ता नव्हता. आता मी ज्या कंपनीत आहे, तिथलं सॉफ्टवेअर कुणाला पुढे काय दाखवायचं ते ठरवतं. ते काम मी आवडीने करते. पण बैठकीत कुणी "युजरला हेच हवंय" म्हणालं की मला कडेवरचं ते लेकरू आठवतं.

दसऱ्यानंतर आपल्या वर्गात मागचे दोन बाक रिकामे व्हायचे, आठवतंय? त्यातल्या तिघांचे नंबर अजून मिळालेले नाहीत. मेळाव्याच्या यादीत तुमच्या फर्माइशी आहेत, 'रंगीला'ही आहे (तो माझ्यासाठी). शेवटी उरलेल्या वेळात भीमनगरच्या ओव्या लावणार आहे. आवाज मोठा ठेवा, पंख्याखाली तो हरवतो.

मामाचं डबल डेक मी दुरुस्त करून घेतलंय, नवा बेल्ट टाकलाय. दिवाळीत आठ दिवस गावी आहे. माळ्यावरच्या डब्यात, आईच्या ट्रंकेत नाव न लिहिलेली कॅसेट असेल तर आणा, फीत तुटली असेल तरी चालेल. दुसरी बाजू नक्की तपासा. आणि मागच्या बाकावरच्यांपैकी कुणी भेटलं, तर त्यांच्या घरी आधी विचारा.