इमारत बांधण्याआधी पुरातत्त्वज्ञ खड्डे का खणतात? यॉर्क शहराची गोष्ट

जुन्या शहरात नवी इमारत बांधायची म्हणजे खोल पाया खणावा लागतो. नेमकं तिथेच हजार वर्षांपूर्वीचं घर गाडलेलं असेल तर? पाया खणताना ते कायमचं नष्ट होतं. हे टाळण्यासाठी बांधकामाआधी चाचणी उत्खनन केलं जातं. त्याचं महत्त्व समजून घ्यायला इंग्लंडमधलं यॉर्क हे उत्तम उदाहरण आहे.

चाचणी उत्खनन म्हणजे काय?

यात पूर्ण जागा खणत नाहीत. ठरावीक ठिकाणी लहान खड्डे किंवा चर घेतात. मातीचे थर किती खोल आहेत, कोणत्या काळातले आहेत आणि किती शाबूत आहेत, एवढंच तपासायचं असतं. खापरं आणि नाण्यांवरून थराच्या काळाचा अंदाज येतो.

यॉर्कमध्ये काय सापडलं?

१९७२ मध्ये यॉर्कच्या पेव्हमेंट रस्त्यावर, लॉइड्स बँकेच्या जागेवर असे लहान खड्डे घेण्यात आले. तिथे वायकिंग काळातले, म्हणजे सुमारे नवव्या ते अकराव्या शतकातले जाड थर लागले. माती ओली होती आणि तिच्यात ऑक्सिजन पोहोचत नव्हता. त्यामुळे लाकूड आणि चामडंही कुजलं नव्हतं. इथेच सापडलेला मानवी विष्ठेचा सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा तुकडा आज जगप्रसिद्ध आहे. त्यातल्या जंतांच्या अंड्यांवरून त्या माणसाच्या आरोग्याची माहिती मिळाली.

जमिनीखाली काय आहे याची कल्पना आल्यामुळे जवळच्या कॉपरगेटमध्ये पुनर्विकासाआधी १९७६ ते १९८१ या काळात मोठं उत्खनन झालं. दहाव्या शतकातली लाकडी घरं आणि सुमारे ४०,००० वस्तू मिळाल्या. याच जागी १९८४ मध्ये जॉर्विक हे संग्रहालय सुरू झालं.

खड्ड्यांतून सगळं कळतं का?

नाही. मे १९८२ मध्ये कॉपरगेटमध्येच बांधकामाचं खोदकाम सुरू असताना यंत्र एका कठीण वस्तूवर आदळलं. ते आठव्या शतकातलं शिरस्त्राण निघालं. पुरातत्त्वज्ञांनी खणलेल्या भागाच्या ते बाहेर होतं. म्हणूनच चाचणीनंतरही खोदकामावर लक्ष ठेवावं लागतं.

खर्च कोण करतं?

१९८९ मध्ये लंडनमध्ये इमारतीच्या जागेवर शेक्सपिअरच्या काळातल्या रोज नाट्यगृहाचे अवशेष सापडले आणि मोठा वाद झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या. परवानगीचा निर्णय होण्याआधीच जागेची तपासणी व्हावी आणि त्याचा खर्च विकासकाने उचलावा, ही पद्धत त्यानंतर रूढ झाली.

तपासणीनंतर काय होतं?

अवशेष महत्त्वाचे असतील तर आराखडा बदलतात, पायाचे खांब सरकवतात किंवा आधी पूर्ण उत्खनन करतात. शक्यतो अवशेष जमिनीतच राहू देण्याकडे कल असतो, कारण एकदा खणलेला थर पुन्हा तपासता येत नाही. यॉर्कच्या धोरणात तर नव्या इमारतीमुळे त्या जागेवरच्या ५ टक्क्यांहून अधिक पुरातत्त्वीय थरांचं नुकसान होऊ नये, असा निकष ठेवला गेला.

चाचणीत अवशेष आढळले, तर बदल फक्त कागदावरच्या नकाशात करावा लागतो. तेच अवशेष पाया खणताना सापडले, तर काम थांबतं, खर्च वाढतो आणि तोवर काही इतिहास ढिगाऱ्यात गेलेला असतो.