मुक्त खेळाडू (अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल)

मुक्त खेळाडू : अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या स्पर्धेत ज्याच्या कराराची मुदत संपली आहे आणि ज्याला स्वतःच्या मर्जीने कोणत्याही संघाशी नवा करार करता येतो, अशा खेळाडूस ‘फ्री एजंट’ किंवा मुक्त खेळाडू म्हणतात. येथे फुटबॉल म्हणजे हाताने फेकल्या जाणाऱ्या लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ होय. त्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीतील ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याने संपतो आणि त्यानंतर महिनाभराने, मार्चच्या मध्यास, लीगचे ३२ संघ मुक्त खेळाडूंशी करार करण्यासाठी अवघ्या काही दिवसांत अब्जावधी डॉलरांचे आकडे जाहीर करतात. भारतीय वाचकास परिचित असलेल्या आयपीएलच्या लिलावाहून ही पद्धत मुळातच वेगळी आहे. लिलावात खेळाडूला बोली जिंकणाऱ्या संघाकडे जावे लागते, तर येथे खेळाडू आपल्या दलालामार्फत, म्हणजे एजंटमार्फत, वाटाघाटी करतो आणि जास्त पैसे देऊ करणाऱ्या संघालाही नकार देऊ शकतो.

मुक्ततेचे प्रमाण सेवाकाळावर ठरते. एखाद्या हंगामात किमान सहा सामन्यांपुरता खेळाडू पूर्ण वेतनावर राहिला, की तो हंगाम त्याच्या खाती जमा होतो. असे चार हंगाम भरलेला आणि करार संपलेला खेळाडू पूर्णतः मुक्त ठरतो. तीन हंगामांच्या खेळाडूवर जुन्या संघाचा अंशतः हक्क उरतो, म्हणजे दुसऱ्या संघाने त्याला प्रस्ताव दिल्यास तितकेच पैसे देऊन त्याला ठेवून घेण्याचा अधिकार जुना संघ आधीच राखून ठेवू शकतो. त्याहून कमी सेवा असलेल्यास जुन्या संघाने किमान वेतन देऊ केले, तरी अन्यत्र बोलणी करता येत नाहीत.

ही मुक्तता संघमालकांनी आपखुशीने दिलेली नाही. ती न्यायालयांतून मिळवावी लागली. १९२० साली स्थापन झालेल्या या लीगमध्ये दीर्घकाळ खेळाडू व्यवहारतः एकाच संघाशी बांधलेला असे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आर. सी. ओवेन्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा खेळाडू कराराचे अखेरचे वर्ष कमी वेतनावर खेळून बाल्टिमोरकडे गेला, तेव्हा मालक सावध झाले आणि लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्यांनी १९६३ मध्ये आणला. या नियमानुसार मुक्त झालेल्या खेळाडूस घेणाऱ्या संघाने जुन्या संघास भरपाई द्यायची आणि उभयतांत एकमत न झाल्यास ती आयुक्तांनी ठरवायची. भरपाई काय मागितली जाईल हे आधी कळत नसल्याने संघांनी अशा खेळाडूंच्या वाटेला जाणेच सोडले. नियमाचा खरा हेतूही तोच असावा, असे त्याच्या परिणामांवरून म्हणता येते.

बाल्टिमोरचा खेळाडू आणि खेळाडू संघटनेचा अध्यक्ष जॉन मॅकी याने केलेल्या दाव्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९७६ साली हा नियम १८९० च्या शर्मन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. मात्र न्यायालयात जिंकलेले संघटनेने पुढच्याच वर्षी, १९७७ च्या सामूहिक करारात, बरेचसे गमावले. भरपाईची तरतूद नव्या रूपात परत आली आणि संघ बदलणारे खेळाडू विरळच राहिले. १९८२ च्या ५७ दिवसांच्या संपाने मुक्ततेच्या प्रश्नात फारसा फरक पडला नाही. १९८७ च्या संपात तर मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून सामने उरकले आणि २४ दिवसांत संप बारगळला. संपाने काही हाती लागत नाही हे उमगल्यावर जीन अपशॉ यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने १९८९ मध्ये कामगार संघटना म्हणून असलेला आपला दर्जाच सोडून दिला, कारण सामूहिक सौद्याच्या छत्राखाली मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळत होते. त्याच वर्षी लीगने ‘प्लॅन बी’ नावाची योजना लागू केली. तीत प्रत्येक संघ ३७ खेळाडू राखून ठेवी आणि फक्त उरलेल्यांना मोकळे करी. साहजिकच मोकळे होणारे बहुतेक राखीव फळीतले असत. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील व अन्य खेळाडूंनी या योजनेस आव्हान दिले आणि सप्टेंबर १९९२ मध्ये मिनिआपोलिस येथील ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पाठोपाठ रेगी व्हाइट याच्या नावे सर्व खेळाडूंच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात तडजोड झाली आणि १ मार्च १९९३ पासून आजच्या अर्थाने मुक्त बाजार खुला झाला.

पहिल्या वर्षीचा सर्वांत मोठा खेळाडू खुद्द व्हाइटच होता. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकण्यापूर्वीच जमिनीवर आणण्यात तो निष्णात होता. फिलाडेल्फियाकडून खेळलेल्या १२१ सामन्यांत त्याने असे १२४ बळी टिपले होते. मोकळीक मिळताच सगळे नामवंत खेळाडू न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारख्या महानगरांकडे धाव घेतील आणि लहान गावांचे संघ ओस पडतील, असे मालक वर्षानुवर्षे सांगत आले होते. प्रत्यक्षात व्हाइटने चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे लीगमधले सर्वांत लहान गाव निवडले. जानेवारी १९९७ मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात त्याने तीन बळी घेतले. मालकांचे भाकीत खोटे ठरण्यास व्हाइटच्या निवडीहून मोठे कारण म्हणजे देशव्यापी दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते आणि त्यामुळे ग्रीन बेचीही ऐपत न्यूयॉर्कच्या तोडीची राहते.

मुक्ततेच्या मोबदल्यात मालकांनी वेतनमर्यादा, म्हणजे ‘सॅलरी कॅप’, पदरात पाडून घेतली. लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा (२०२० च्या करारानुसार सुमारे ४८ टक्के) आधार धरून दरवर्षी प्रत्येक संघासाठी वेतनखर्चाची एकच कमाल रक्कम ठरते. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, तर २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. करोनामुळे प्रेक्षागृहे रिकामी राहिल्यावर २०२१ मध्ये ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली. २०१० हे एकच वर्ष जुन्या कराराच्या अखेरच्या तरतुदीमुळे मर्यादेविना गेले आणि त्याची कथा उद्‍बोधक आहे. वॉशिंग्टन व डॅलस या संघांनी त्या वर्षी मोठ्या रकमा खर्ची टाकून पुढील वर्षांचा भार हलका केला. मर्यादाच नसल्याने नियमभंग कोणता, हा प्रश्न रास्त असूनही लीगने २०१२ मध्ये पुढील दोन हंगामांसाठी वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर कापले.

मार्चमध्ये जाहीर होणारे आकडे आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत असते. बेसबॉल वा बास्केटबॉलप्रमाणे येथे करार पूर्णतः हमीचे नसतात. संघ खेळाडूला मध्येच सोडू शकतो आणि हमी नसलेली उर्वरित वर्षे कागदावरच राहतात. त्यामुळे जाणकार एकूण रकमेकडे न पाहता हमीच्या रकमेकडे आणि करारावर सही करताच मिळणाऱ्या बोनसकडे पाहतात. हा बोनस खेळाडूच्या हाती लवकर पडतो, पण वेतनमर्यादेच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, सारखा विभागला जातो. समजा, पाच वर्षांच्या करारात २ कोटी डॉलर बोनस दिला, तर दरसाल ४० लाख मोजले जातात. खेळाडूला दोन वर्षांनी सोडले, तर उरलेले १ कोटी २० लाख एकदम संघाच्या खाती चढतात आणि जो खेळाडू संघात नाही त्याच्यापोटी मर्यादेचा तेवढा भाग अडकतो. यालाच ‘डेड मनी’ म्हणतात. १ जूननंतर सोडल्यास हा भार दोन वर्षांत विभागता येतो. शिवाय ज्या वर्षांत खेळाडू खेळणारच नाही, अशी नावापुरती वर्षे कराराला जोडून बोनसचे हप्ते पुढे ढकलण्याची युक्तीही आता सर्रास वापरली जाते. १९९५ मध्ये डॅलसने डिऑन सँडर्सला सात वर्षांच्या ३ कोटी ५० लाखांच्या करारात सुमारे १ कोटी ३० लाखांचा बोनस देऊन या हिशेबाची ताकद दाखवली आणि लीगला नियम कडक करावे लागले. मर्यादेने खर्च रोखला जातो हे खरे असले, तरी चतुर हिशेबनीस असलेल्या संघाला ती पुढच्या वर्षांकडून उधारी मिळवून देते, हेही तितकेच खरे आहे.

करारातील शब्दयोजनेचे शस्त्र कसे होऊ शकते, हे २००६ मध्ये दिसले. सिअ‍ॅटलचा आक्रमक फळीतील अव्वल रक्षक स्टीव्ह हचिन्सन याला मिनेसोटाने सात वर्षांसाठी ४ कोटी ९० लाखांचा प्रस्ताव दिला. तेवढीच रक्कम देऊन त्याला राखण्याचा हक्क सिअ‍ॅटलला होता. परंतु प्रस्तावात असे कलम होते की, तो संघाच्या आक्रमक फळीतील रक्षकांमध्ये सर्वाधिक वेतनाचा नसेल, तर संपूर्ण रक्कम हमीची ठरेल. मिनेसोटात ही अट आपोआप पाळली जात होती, तर सिअ‍ॅटलमध्ये वॉल्टर जोन्स त्याच्याहून अधिक वेतन घेत असल्याने ती मोडली जाणार होती. सिअ‍ॅटलला हचिन्सन गमवावा लागला. थोड्याच दिवसांत सिअ‍ॅटलने मिनेसोटाच्या नेट बर्लसनला सात वर्षांसाठी नेमका ४ कोटी ९० लाखांचाच प्रस्ताव दिला आणि त्याने मिनेसोटा राज्यात एका हंगामात पाच सामने खेळल्यास सर्व रक्कम हमीची होईल, असे कलम घातले. उट्टे पुरेपूर फेडले गेले आणि अशा कलमांवर पुढे २०११ च्या सामूहिक करारात बंदी आली.

नामांकित खेळाडू बाजारात येऊ नयेत, यासाठी संघांना ‘फ्रँचायझी टॅग’ हे साधन मिळाले आहे. त्यानुसार संघ दरवर्षी एका खेळाडूला, त्याच्या जागेवरील सर्वोच्च पाच वेतनांच्या सरासरीवर आधारलेली रक्कम किंवा त्याच्या आधीच्या वेतनाच्या १२० टक्के, यांपैकी जास्त असेल ती रक्कम देऊन एक वर्ष अडवून ठेवू शकतो. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स याने या अडवणुकीचेच सोने केले. २०१६ मध्ये त्याला सुमारे १ कोटी ९९ लाख मिळाले आणि २०१७ मध्ये त्यावर २० टक्के वाढून २ कोटी ३९ लाख. तिसऱ्या वर्षी नियमानुसार ४४ टक्के वाढ द्यावी लागली असती, म्हणून संघाने त्याला सोडले. २०१८ मध्ये मिनेसोटाने त्याला तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख डॉलर संपूर्ण हमीने दिले. २०२४ मध्ये अटलांटाने पुन्हा चार वर्षांच्या १८ कोटींच्या करारावर त्याला घेतले, पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, मायकेल पेनिक्स हा दुसरा क्वार्टरबॅक निवडला आणि डिसेंबरात कझिन्सला बाकावर बसवले. तेव्हाच्या नियमानुसार अधिकृत मुदत सुरू होण्यापूर्वी दोन दिवस संघांना एजंटांशी बोलता येत असे, खेळाडूंशी थेट नाही. कझिन्सबाबत ही रेषा ओलांडल्याबद्दल अटलांटाला अडीच लाख डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधील पाचव्या फेरीची एक निवड गमवावी लागली.

टॅग आणि मुदतपूर्व नूतनीकरण यांमुळे उत्तम खेळाडूंपैकी थोडेच मोकळे होतात, तर खर्चायला पैसा घेऊन बसलेले संघ अनेक असतात. म्हणून दुय्यम खेळाडूंनाही अव्वल दर मिळतो. त्यातच दर ठरतो तो झालेल्या कामगिरीवर आणि वेतन दिले जाते ते तिशीकडे झुकणाऱ्या शरीराला. जानेवारी १९९६ च्या सुपर बोलमध्ये डॅलसच्या लॅरी ब्राउनने प्रतिस्पर्ध्याचे दोन पास पकडून सामनावीराचा किताब मिळवला आणि त्या जोरावर ओकलंडचा पाच वर्षांचा मोठा करार. तेथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २००९ मध्ये वॉशिंग्टनने अ‍ॅल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांसाठी १० कोटींचा, त्यांत ४ कोटी १० लाख हमीचे असलेला करार दिला. दोन हंगामांनी त्याला पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात न्यू इंग्लंडकडे धाडण्यात आले. २०११ मध्ये फिलाडेल्फियाने नामदी असोमुआसह तारांकित खेळाडूंची रांग लावली, त्यांच्याच एका खेळाडूने संघाला स्वप्नसंघ म्हटले आणि हंगामअखेर आठ विजय, आठ पराभव असा हिशेब निघाला.

अपवाद प्रामुख्याने क्वार्टरबॅकचे आहेत आणि त्यांत दुखापत किंवा वय यांमुळे जुन्या संघाने हात आखडता घेतलेला दिसतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आलेल्या ड्रू ब्रीझने फेब्रुवारी २०१० मध्ये, मानेच्या शस्त्रक्रियांनंतर २०१२ मध्ये डेन्व्हरला गेलेल्या पेटन मॅनिंगने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि वयाच्या ४२ व्या वर्षी दोन वर्षांच्या ५ कोटींच्या करारावर टँपा बेला गेलेल्या टॉम ब्रेडीने पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅकच्या वेतनाचा बाजारावर दुसराही परिणाम होतो. २०११ पासून नवोदितांचे वेतन ड्राफ्टमधील क्रमानुसार बांधून दिले गेले. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटींची हमी मिळाली होती, तर पुढील वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख. त्यामुळे चांगला नवोदित क्वार्टरबॅक लाभलेला संघ त्याचा स्वस्त करार चालू असेपर्यंत मुक्त खेळाडूंवर हात सैल सोडतो.

चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचा भाव मात्र उतरत गेला होता, कारण या जागेवरील शरीर लवकर झिजते. न्यूयॉर्क जायंट्सने २०२४ मध्ये साक्वॉन बार्क्ली याला टॅग न लावता जाऊ दिले. फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले, म्हणजे मधल्या फळीतील क्वार्टरबॅकच्या एका वर्षाच्या वेतनाइतके. त्याने त्या हंगामात २,००५ यार्ड धावून काढले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ विजेता ठरला.

न खर्चणाऱ्यालाही या व्यवस्थेत लाभ आहे. घेतलेल्यांपेक्षा गमावलेले मुक्त खेळाडू अधिक वा मोलाचे असल्यास लीग पुढील वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईदाखल निवडी देते. सर्व संघांत मिळून त्या साधारणपणे ३२ असतात. बाल्टिमोर रेव्हन्स या संघाने ऑझी न्यूसम व्यवस्थापक असल्यापासून खेळाडू घडवायचे, महाग झाले की जाऊ द्यायचे आणि निवडी गोळा करायच्या, हेच धोरण ठेवले. जुन्या संघाने मुदतीपूर्वी सोडून दिलेला खेळाडू या हिशेबात धरला जात नाही, म्हणून असे संघ मार्चमध्ये प्रामुख्याने त्यांच्याच शोधात असतात, आणि ड्राफ्टनंतर काही दिवसांनी होणारे करारही हिशेबाबाहेर राहत असल्याने त्यांची उरलेली खरेदी मे महिन्यात होते.