दिल्लीच्या पाखरांची बखरकार

दिल्लीचा इतिहास म्हटला की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे पानिपताच्या वाटेवर येथे थांबलेले सदाशिवरावभाऊ उभे राहतात, दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उभे राहते, महादजी शिंद्यांचा दरारा आठवतो. परंतु या नगरीचे आणखीही काही रहिवासी आहेत. तख्ते बदलली, राजधान्या उठल्या आणि पुन्हा वसल्या. यांचे येणेजाणे मात्र ऋतूंच्याच हुकमाने चालले. हे रहिवासी म्हणजे दिल्लीची पाखरे. त्यांची साद्यंत बखर लिहिण्याचे काम श्रीमती उषा गांगुली या विदुषीने केले, आणि त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उषाबाईंचे पती प्राध्यापक बी. एन. गांगुली हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. आपले चिंतामणराव देशमुख दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून १९६७ साली निवृत्त झाले, तेव्हा ते पद त्यांच्याकडे आले. विद्यापीठाच्या पाठीशीच रिज नावाची ती प्राचीन, काटेरी झुडपांनी भरलेली टेकडी आहे. पाखरांचा छंद असणाऱ्यास याहून सोयीचा शेजार कोणता?

उषाबाईंच्या आधी दिल्लीच्या पक्ष्यांविषयी कोणी लिहिलेच नव्हते असे नाही. १९२६ साली बेसिल-एडवर्ड्‌स यांनी आणि १९४७-४८च्या सुमारास फ्रोम यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात यादीवजा लेख लिहिले होते. मेजर-जनरल हटसन यांचे छोटेखानी पुस्तक १९५४ साली निघाले. ही सारी मंडळी साहेबी अमदानीतील. नोकरीनिमित्त येणारी आणि बदली होताच जाणारी. १९५० साली दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची एक संस्था निघाली. तिचे प्रवर्तक होरेस अलेक्झांडर हे क्वेकर पंथाचे, गांधीजींचे स्नेही. श्रीमती इंदिरा गांधी याही तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. या वातावरणात उषाबाईंचे काम वाढले. पाहुण्यांनी सुरू केलेली नोंदवही घरच्या माणसाच्या हाती आली, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

पक्षिनिरीक्षण म्हणजे रिकामटेकड्यांचा विरंगुळा, असा समज पुष्कळांचा असतो. पण एखाद्या प्रदेशाच्या पक्ष्यांचा ग्रंथ लिहायचा म्हणजे काय करावे लागते? पक्षी दिसला एवढ्याने भागत नाही. कोठे दिसला, कोणत्या महिन्यात, किती संख्येने; तो बारमाही रहिवासी, की ऑक्टोबरात उत्तरेकडून येऊन उन्हाळ्यापूर्वी परतणाऱ्या बदकांसारखा हिवाळी पाहुणा, की चातकासारखा पावसाबरोबर येणारा, की केवळ वाटसरू; तो येथे घरटे करतो किंवा नाही; या साऱ्याची नोंद हवी, आणि ती वर्षानुवर्षे हवी. ओखल्याचा बंधारा, यमुनेचा वाळवंटी काठ, नजफगडची झील, गुडगावकडील सुलतानपूरचे पाणी, अशा जागा पुनःपुन्हा पाहाव्या लागतात. बखरकाराला अतिशयोक्तीची मुभा असते. येथे ती नाही. संशयित नोंद संशयित म्हणूनच लिहावी लागते.

या तपश्चर्येचे फळ म्हणजे 'अ गाइड टु द बर्ड्‌स ऑफ द दिल्ली एरिया' हा ग्रंथ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९७५ साली प्रसिद्ध केला. त्यात ४०३ जातींची नोंद आहे. उषाबाई मात्र १९७० सालीच निवर्तल्या होत्या. स्वतःचा ग्रंथ छापील रूपात पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

आज या ग्रंथाची खरी किंमत कळते ती त्यातून नाहीशा झालेल्या जीवनामुळे. एक उदाहरण पुरे आहे. गालुशिन या रशियन शास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिल्लीच्या सुमारे १५० चौरस किलोमीटरांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची जवळजवळ ४०० जोडपी मोजली होती. १९९०च्या दशकात देशभर गिधाडांचा संहार झाला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते. सरकारने गुरांसाठी त्याचा वापर २००६ साली बंद केला. तोवर दिल्लीचे आकाश घारींपुरतेच उरले होते. नजफगडची विस्तीर्ण झीलही नाला रुंद करून बहुतांशी आटविण्यात आली. उलट, सुलतानपूरला १९७१ साली आणि ओखल्याला १९९० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. काय गमावले व काय राखले याचा हिशेब मांडायचा, तर आरंभीची शिल्लक कोठे तरी लिहिलेली हवी. ती उषाबाईंच्या ग्रंथात आहे. २०१९ साली सुधीर व्यास यांनी दिल्लीच्या पक्ष्यांची नवी सटीप यादी सिद्ध केली. या वाटेवरील आधीचा मोठा टप्पा उषाबाईंचाच.

भारतातील पहिली पक्षिशास्त्रज्ञ स्त्री कोण, असा वाद कधी कधी निघतो. बिहारच्या जमाल आरा यांचा मान त्यात मोठा आहे; त्यांचे मुलांसाठी लिहिलेले 'वॉचिंग बर्ड्‌स' १९७० साली येथल्याच नॅशनल बुक ट्रस्टने काढले. आम्हांस या पहिल्या-दुसऱ्याच्या वादात रस नाही. ज्या काळी दुर्बीण गळ्यात घालून पहाटे नदीकाठी उभी राहणारी स्त्री लोकांना नवलाची वाटे, त्या काळी या दोघींनी आपापल्या मुलुखातील पाखरांची साक्ष नोंदविली, हे पुरेसे आहे.

आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी पितृपक्षात गच्चीवर पान वाढतो आणि कावळ्याची वाट पाहतो. तो अजून येतो. त्याच आकाशात एके काळी आणखी कोण कोण होते, हे पुढल्या पिढीने विचारले तर उत्तर द्यावयास एक ग्रंथ हाताशी आहे. तो लिहिणाऱ्या बाईंचे नाव आम्ही विसरू नये.