दमनकाचा दवणा

चैत्र लागला की पुण्यात मंडईच्या फुलवाल्यांकडे दवण्याच्या जुड्या येतात. करडट हिरवी, बारीक चिरलेली, लवदार पानं. फूल असून नसल्यासारखं, सगळा मान वासाला. जोतिबाला चैत्री पौर्णिमेला गुलालाबरोबर दवणा वाहतात, आणि जेजुरीच्या खंडोबालाही भंडाऱ्याइतकाच तो प्रिय. थंडीच्या तोंडावर पेरलेलं हे पीक चारेक महिन्यांत तयार होतं, म्हणून देवाच्या चैत्राला ते बरोबर हजर असतं.

दवणा हा शब्द संस्कृत 'दमनक'वरून आला. शब्द किती झिजला आहे ते पाहायचं तर शेजारी आवळा ठेवावा. आमलकातल्या 'म'चा 'व' झाला, शेवटचा 'क' गळून 'आ' उरला, की झाला आवळा. दमनकाचंही तेच, शिवाय 'पानीय'चं 'पाणी' होताना झाला तसा इथे 'न'चा 'ण' झाला. ग्रामाचा गाव आणि नामाचं नाव करणारी हीच वाट. हिंदीत तो 'दौना' झाला, ओडियात 'दयणा'. पुरीच्या जगन्नाथाच्या चैत्रातल्या एका उत्सवाचं नावच 'दयणा चोरी' आहे.

दमनक म्हटलं की शिकलेल्या माणसाला आधी पंचतंत्रातला कोल्हा आठवतो. करटक आणि दमनक या जोडीतला तो डावपेची. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं आणि ग्रंथाचं नाव पडलं 'कलीला व दिम्ना'. हा दिम्ना म्हणजे आपला दमनक. एकच शब्द, पश्चिमेला गेला तो कोल्हा होऊन, 'म' शाबूत ठेवून. घरी राहिला तो 'म' घालवून बसला आणि देवाच्या डोक्यावर चढला.

'दम्' या धातूचा अर्थ आवरणं, वश करणं. विदर्भाच्या भीम राजाला दमन ऋषींच्या वराने मुलं झाली, त्यांची नावं दम, दान्त, दमन आणि दमयंती. सगळं घरच एका धातूतून जन्मलेलं. पण एवढ्याशा सुगंधी रोपट्याने आवरलं कुणाला? रोगाला, असं सहज उत्तर देता येतं आणि मला ते अपुरं वाटतं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त दमनकाचे पर्याय दिलेत, ते वाचावेत: दान्त, विनीत, मुनिपुत्र, तपोधन, ब्रह्मजट, गंधोत्कट. दमनक म्हणजे आवरणारा. दान्त आणि विनीत म्हणजे ज्याने स्वतःला आवरलं आहे तो. निघंटुकारांना या झाडात तपस्वी दिसला. राखाडी अंग, जटांसारखी पानं, थोडक्यात गुजराण, आणि तरी गंध मात्र उत्कट. वनस्पतिशास्त्राने त्याला आर्टेमिसिया पॅलेन्स म्हटलं. पॅलेन्स म्हणजे फिकट. नजर त्याच करड्या रंगावर गेली, पण तिथे नुसता रंग टिपला गेला, इथे स्वभाव वाचला गेला. नाव ठेवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते.

आवरणाऱ्या शक्तीवरचा विश्वास लोकांत मात्र राहिलाच. 'नागदमनी' म्हणजे सापाला वश करणारी, मराठीत नागदवणा. हे नाव एकाहून अधिक झाडांना मिळालं आहे, तेव्हा नावावर विसंबून औषध घेऊ नये. सापाला तर कोणतंच झाड पुरं पडत नाही, दवाखाना गाठावा. पूजेत मात्र जुनं नाव टिकलं: चैत्रात देवाला दमनक अर्पण करण्याच्या विधीला धर्मशास्त्रात 'दमनकारोपण' म्हणतात. पंचांगात शुक्ल चतुर्दशीपुढे शिवाच्या दमनकाची नोंद असते.

दवण्याची युरोपी बहीण मगवर्ट, तीही आर्टेमिसियाच. इंग्लंडच्या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका हस्तलिखितात नऊ वनस्पतींचा विष उतरवण्याचा मंत्र आहे. त्यात पहिला मान मगवर्टचा, सर्वांत थोरली म्हणून. आणि तिच्याबरोबरच्या आठांतली एक कॅमोमाइल समजली जाते. दोघींच्या लॅटिन नावांत बाईचं दुखणं आहे. आर्टेमिसियात बाळंतपणाला धावणारी आर्टेमिस देवी, तर कॅमोमाइलच्या मॅट्रिकेरियात गर्भाशयाचा शब्द. खुद्द कॅमोमाइल म्हणजे ग्रीकमध्ये 'जमिनीवरचं सफरचंद', वासावरून. स्पॅनिश लोक तिला मान्सानिया, म्हणजे इवलंसं सफरचंद म्हणतात.

पुण्याला ही परदेशी पाहुणी वेगवेगळ्या नावांनी भेटली. हकिमांकडे ती फारसीतून आलेली गुले-बाबूना, सांधेदुखीला तिचं रोगन चोळायचं. होमिओपॅथीच्या डब्यात ती कॅमोमिला, दात येताना किरकिरणाऱ्या बाळाच्या साखरगोळ्यांत. आता चहाच्या पुडीवर कॅमोमाइल. मराठीने तिला आपलं नाव घडवलं नाही, कारण ती आपल्या बांधावर कधी उगवली नाही. कुणी तिला ओढूनताणून 'औषधी शेवंती' म्हणू नये. बाबूना हे नाव चांगलं आहे, चालू द्यावं.

दवण्याचं उलट झालं. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र इथे पिकणाऱ्या या झाडाचं तेल जगभरचे अत्तरवाले घेतात आणि 'दवणा' याच नावाने ओळखतात. त्या तेलातल्या मुख्य घटकाला रसायनशास्त्रज्ञांनी डॅव्हानोन म्हटलं आहे. पहिल्यांदा हा शब्द पश्चिमेला गेला तेव्हा 'म' घेऊन गेला. दुसऱ्यांदा गेला तो लोकांच्या तोंडी घडलेला 'व' घेऊन, आणि प्रयोगशाळेच्या वहीत तोच 'व' लिहिला गेला.