शोकनायकाची सिगारेट

एरिक सीगलच्या ‘लव्ह स्टोरी’त (१९७०) जेनीच्या दुखण्याचे निदान डॉक्टर प्रथम तिच्या पतीला सांगतात. जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मध्ये (२०१२) मात्र कर्करोगग्रस्त हेझलच निवेदक आहे. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेला ऑगस्टस न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून तिला रूपक म्हणतो. रोगाची रूपके रुग्णालाच जाचतात, असे सुझन सोंटॅगने १९७८ मध्ये मांडले होते. येथे रुग्णच रूपक रचून भय आवरतो. तो ती ओढणार असे वाटून हेझल त्याची ‘हॅमार्शिया’ काढते. अ‍ॅरिस्टॉटलची संज्ञा, १६ वर्षांच्या मुलीच्या तोंडी! आणि ती लागूही पडते: पुढे एका रात्री पाकीट स्वतःच आणण्याच्या हट्टाने निघालेला ऑगस्टस पेट्रोल पंपावर, मोटारीत, ओकारीने माखलेला तिला सापडतो. शोकनायकाची उंची तिथे उरत नाही. मदतीसाठी त्यानेच तिला फोन केलेला असतो.