शिपाई नक्की कोण?

गोंदियातल्या ऑफिसात 'शिपाई' म्हटलं की फायली ने-आण करणारा माणूस डोळ्यासमोर येतो. मूळ शब्द फारसी, 'सिपाह' म्हणजे फौज. पोर्तुगीजांमार्फत तो इंग्रजांकडे गेला नि 'सिपॉय' झाला. गंमत बघा, तुर्कांचा सिपाही घोडेस्वार, तर कंपनीचा शिपाई पायदळातला देशी माणूस. घोड्यावरचा तो 'सवार'.

१८१७ला सीताबर्डीवर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध कंपनीकडून लढले ते बहुतांशी मद्रासचे शिपाईच! पुढच्याच वर्षी आपल्या कामठ्याला चिमणा पटेलाने बंड केलं. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने गढी घेतली. तिथे बंडखोर शिपाई नव्हतेच. म्हणूनच १८५७ला नुसतं 'शिपायांचं बंड' म्हटलेलं मला खटकतं. शिपाई नसलेले मग कुठे मोजायचे? आणि हो, लष्करात 'सिपाही' हा हुद्दा आजही आहेच.