सिंदखेड राजा : जिजाऊंचे माहेर आणि त्याला पडलेला मराठ्यांचाच वेढा

फ्रान्सच्या दक्षिणेस कार्कासोन नावाचे तटबंद गाव आहे. दुहेरी तट, ५२ बुरूज, आत अरुंद गल्ल्या आणि मध्ये सरदाराचा कोट. शतकानुशतके ते फ्रान्सच्या सीमेवरचे ठाणे होते. १६५९च्या पिरेनीजच्या तहाने सीमाच दक्षिणेकडे सरकली आणि तटांचे प्रयोजन संपले. १९व्या शतकात ते पाडण्यापर्यंत पाळी आली होती. पण १८५३पासून व्हिओले-ल्-द्यूक या वास्तुविशारदाने त्यांची डागडुजी हाती घेतली. आज पर्यटक पाहतात ते गाव बऱ्याच अंशी त्या डागडुजीचेच फळ आहे.

अमडापूरच्या माणसाला असे गाव पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. चिखलीवरून देऊळगाव राजा गाठावे आणि तेथून सिंदखेड राजा. राजे लखुजी जाधवांचे हे ठाणे. राजवाड्याचा भव्य दरवाजा, रंगमहाल, साकरवाडा, प्रचंड जाडीच्या भिंती उभारून अर्धवट सोडलेला काळा कोट, नीलकंठेश्वराचे जुने देवालय, पुतळा बारव हे सारे एका गावाच्या पोटात आहे. मोती तलावाचा बांध तर एखाद्या भुईकोटाच्या तटासारखा उभा आहे. फरक एवढाच, की येथे कोणी व्हिओले-ल्-द्यूक आला नाही. त्यामुळे जे दिसते ते मोडके आहे, पण अस्सल आहे.

कार्कासोनप्रमाणे हे गावही सीमेवरचे. १५७४मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाडची इमादशाही गिळली. १५९६मध्ये चांदबिबीला तेच वऱ्हाड अकबराच्या स्वाधीन करावे लागले. म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडच्या वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला, तेव्हा सीमा अगदी उंबऱ्याशी आली होती. एका बाजूला दौलताबादकडे जाणारी वाट, दुसऱ्या बाजूला मुघलांचे बाळापूर. अशा जागी बसलेला सरदार दोन्ही दरबारांना हवा असतो आणि दोन्ही दरबार त्याच्याकडे संशयानेही पाहतात.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचे सगळे केवळ फितुरीचे वाटते. जहागीर बादशहाच्या मर्जीवर असे. तो देई आणि तोच काढून घेई. देशमुखीचे वतन मात्र वंशपरंपरेचे. सत्ता बदलली तरी वतनदार जागेवर राही; नव्या धन्याकडून नवी सनद घेतली की झाले. म्हणून वतनदाराची पहिली निष्ठा स्वतःच्या गावाशी, कुळाशी आणि हक्कांशी असे. दरबार त्यानंतर. ‘राष्ट्र’ हा शब्द आपण त्याच्या तोंडी घालतो, तो आपल्या काळातला.

लखुजीरावांचे वर्तन या हिशेबात नेमके बसते. मलिक अंबराशी बिनसल्यावर ते मुघलांना मिळाले आणि १६१६च्या सुमारास जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत अंबराविरुद्ध लढले. १६२४मध्ये भातवडीच्या रणात ते मुघलांकडून, तर जावई शहाजीराजे निजामशाहीकडून उभे होते. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले. जिजाबाईंच्या दृष्टीने एका बाजूला वडील होते आणि दुसऱ्या बाजूला नवरा व दीर. मालिकांमधून दिसणारा सासर-माहेरचा वाद आणि हा प्रकार यांत फार अंतर आहे.

पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात निजामशहाने त्यांची हत्या करविली. अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही सोबत मारला गेला. म्हाळसाबाई, बहादूरजी आणि लखुजींचे बंधू जगदेवराव सिंदखेडला परतले आणि जाधव पुन्हा मुघलांच्या आश्रयाला गेले. थोड्याच काळात शहाजीराजांनीही निजामशहाला सोडले. आपल्याच सर्वांत बलाढ्य सरदाराचा दरबारात खून करणारी सत्ता चार वर्षांत दौलताबाद गमावून बसली, यात नवल नाही. हत्येनंतर सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. लखुजीरावांची भव्य समाधी सिंदखेडातच आहे.

गावाला भेट देणारे बहुतेक जण इथवरची हकीकत ऐकून परततात. प्रत्यक्षात सर्वांत अवघड प्रसंग याच्या सव्वाशे वर्षांनंतरचा आहे.

अचलोजींच्या वंशात सेनापती धनाजी जाधव झाले. औरंगजेबाच्या फौजांना ज्यांनी जेरीस आणले, तेच हे धनाजी. पण त्यांचा मुलगा चंद्रसेन याचे बाळाजी विश्वनाथाशी वैर जडले. त्याने शाहू महाराजांचा पक्ष सोडला आणि अखेर तो निजामाकडे गेला. चंद्रसेनाचा मुलगा रामचंद्र जाधव निजामाचा मोठा सरदार झाला. डिसेंबर १७५७मध्ये हा रामचंद्र सिंदखेडात असताना गावाला वेढा पडला, आणि वेढा घालणारे मराठेच होते. पेशव्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा विश्वासराव मोहिमेवर होता. लढाईची खरी धुरा दत्ताजी शिंद्यांकडे होती. ज्या गावात जिजाऊ जन्मल्या, त्यावर भगव्या झेंड्याखालची फौज चालून गेली आणि आतून लढणाराही जाधवच होता.

यात कोण ‘आपला’ हे ठरवायला बसले, की प्रश्नच चुकतो. रामचंद्राच्या लेखी पुण्याचा पेशवा हा आपल्या बापाच्या वैऱ्याचा नातू होता आणि निजाम हा जहागीर देणारा धनी. दत्ताजींच्या लेखी सिंदखेड हे निजामाचे ठाणे होते. शिवाजी महाराजांच्या आजोळाचा विचार या मोहिमेच्या आड आला नाही.

निजामअली रामचंद्राच्या मदतीला धावून आला, त्याला वेढ्यातून सोडवले, पण मग दोघेही मराठ्यांच्या कचाट्यात सापडले. अखेर महिनाअखेरीस साखरखेर्ड्याला तह झाला. २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला मराठ्यांना मिळाला. याच साखरखेर्ड्याच्या मैदानावर १७२४मध्ये निजामअलीच्या बापाने, निजामउल्मुल्काने, मुबारिजखानाला मारून दख्खनची सत्ता मिळवली होती आणि त्या आनंदात गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले होते. मुलाने तेथेच मुलूख लिहून दिला. लोकांच्या तोंडी नाव मात्र साखरखेर्डाच राहिले.